छाटणीच्या टेबलावरून

रबराचा पीस प्रेसमधून बाहेर पडतो तेव्हा त्याच्याभोवती एक पातळ झालर असते. साच्याचे दोन भाग कितीही घट्ट मिटले तरी त्यांच्या जोडरेषेतून थोडे रबर बाहेर सरकतेच आणि तिथेच शिजून पक्के होते. कारखान्यात सगळे त्याला फ्लॅश म्हणतात. तो काढायचा, पीस तपासायचा, ट्रेमध्ये ठेवायचा आणि पुढचा उचलायचा, हे माझे काम. कागदावर माझे पद हँड कटर अँड ट्रिमर असे आहे. बाकीचे आम्हाला ट्रिमिंगवाल्या म्हणतात, आणि आमच्या टेबलाशी कोणी आले की बहुधा एकच प्रश्न घेऊन येते: माल अजून का निघाला नाही?

कामाला लागले तेव्हा मला एकही मशीन येत नव्हते. मुलाखतीत शिक्षणाबद्दल फारसे विचारले नाही. समोरच्या माणसाने एक काळी रिंग हातात दिली आणि काय दिसते ते सांगा म्हणाला. खिडकीकडे धरून फिरवल्यावर आतल्या कडेला केसाएवढी रेघ दिसली. ती दाखवली. एवढ्यावर नोकरी मिळाली.

शिकवायला एक मावशी होत्या. त्यांचे नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. त्यांनी पहिले काही दिवस माझ्या हातात कात्री दिलीच नाही. छाटलेले, न छाटलेले पीस एकत्र करून समोर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "डोळे मीट आणि नखाने लाइन शोध." म्हणजे साच्याची जोडरेषा. साध्या वॉशरवर ती सहज सापडते. पण गाडीच्या सांध्यावर बसतो तसा घड्याघड्यांचा रबरी बूट घेतला, तर लाइन कुठून कुठे जाते हे डोळ्यांना पटकन कळत नाही. साचा दोनाऐवजी चार तुकड्यांचा असेल तर रेषा एकमेकींना छेदतात, आणि जिथे छेदतात तिथे फ्लॅशचा एक बारीक टोकदार कोंब राहतो. नजर तो हमखास चुकवते. अंगठ्याच्या नखाला तो लागतो. आजही मी पीस ट्रेमध्ये टाकण्याआधी त्यावरून नख फिरवते. दिव्याखाली सुटलेले बरेच काही नखाला सापडते.

मग कात्री आली. आमची कात्री लहान, टोकाकडे वाकलेली असते. नव्या मुली ती कागद कापतात तशी चालवायला जातात, पीस एका जागी धरून कात्री भोवती फिरवतात. मावशींचा हुकूम उलटा. "कात्री टेबलापाशी बांधल्यासारखी ठेव. पीस फिरव." उजवा हात एकाच जागी उघडझाप करतो आणि डावा हात पीस भरवत जातो. यात मनगट वळत नाही, आणि पात्याचा पिसाशी असलेला कोन बदलत नाही. बाहेरची कड कापताना वाकडेपणा पिसाला मिठी मारेल असा धरायचा, आतले भोक कापताना उलटा. आणखी एक गोष्ट: पाती पूर्ण मिटू द्यायची नाहीत. पूर्ण मिटली की टोक जिथे संपते तिथे एक बारीक पायरी पडते, आणि गोल पिसाची कड गोल न राहता खडबडीत होते. दोन तृतीयांश मिटवायची, तशीच पुढे सरकवायची, पुन्हा उघडायची. हे लिहायला दोन ओळी लागल्या. हाताला यायला बराच काळ लागतो, आणि आले की नेमके कधी आले ते सांगता येत नाही.

सगळ्यात अवघड शिकवण ताणाची होती. फ्लॅश नीट दिसावा म्हणून बोटे आपोआप तो बाहेर ओढतात. ओढला की त्याच्या मुळाशी असलेले पिसाचे रबरही थोडे बाहेर येते. त्या अवस्थेत अगदी कडेला लागून कापले तर कापताना सगळे सुंदर दिसते, आणि सोडल्यावर रबर मागे जाते तेव्हा कडेत खळगा पडलेला असतो. फ्लॅश ढिला सोडून कापला तर उलट, शेपटी राहते. म्हणजे तो इतकाच धरायचा की सरळ उभा राहील, पण ओढला जाणार नाही. किती, हे रबरावर ठरते. शोअर ए मापावर ४० कठीणतेचे मऊ रबर चिमटीत धरताच लांबते. ७० चे, म्हणजे बहुतेक सील (तेल गळू न देणाऱ्या रबरी रिंगा) ज्याचे असतात ते, बरेच ऐकते. ९० च्या रबराला कात्री लावली तर अंगठा दुखतो, तिथे ब्लेडच बरे.

सिलिकॉनचा स्वभाव आणखी वेगळा. दिसायला लवचीक, उष्णतेला दणकट, पण फाटण्याच्या बाबतीत कच्चे. कडेला एक बारीक खाच पडली की पुढे कोणीतरी तो पीस बसवताना ताणणार आणि ती खाच सरळ आत धावत जाणार. म्हणून सिलिकॉनचा लॉट आला की टेबलावरच्या गप्पा आपोआप कमी होतात. शिवाय ते प्रेसमधून गरम आलेले असताना हात लावायचा नाही. गरम रबर, कोणतेही, थंड रबरापेक्षा लवकर फाटते. वर घाई असली की ट्रे कोमट असतानाच पुढे ढकलले जातात. आम्ही ते पंख्याखाली ठेवतो आणि शांतपणे बसून राहतो. सुपरवायझरला ते दृश्य मुळीच आवडत नाही.

किती फ्लॅश काढायचा हे ड्रॉइंगवर लिहिलेले असते. एखाद्या कडेला अर्धा मिलिमीटर राहिला तरी चालतो, दुसऱ्या जागी ०.२ मिमी, आणि सीलचा लिप म्हणजे शाफ्टला, फिरणाऱ्या दांड्याला, टेकणारी पातळ कड असेल तिथे काहीही चालत नाही, ना उरलेला फ्लॅश, ना लागलेली खाच. दोन्हींतून तेल गळते. पण ०.२ मिमी डोळ्याला कसे दिसते? त्यासाठी टेबलासमोर नमुन्यांचा बोर्ड असतो: हा चांगला, हा कसाबसा चालणारा, हा नाही चालणारा. खरी परीक्षा मधल्याची असते. रिजेक्शनवरून होणारी प्रत्येक तक्रार शेवटी त्या मधल्या पिसापाशी येऊन थांबते. पूर्वी तो बोर्ड ऑफिसात कुलपात असायचा. आम्ही फार भांडून तो टेबलाजवळ आणला.

आता ब्लेडबद्दल, कारण त्याविषयी मी कितीही बोलू शकते.

तुकडा मोडून नवी धार काढायची ती कटरची पट्टी सगळ्यांनी पाहिलेली असते. ही कल्पना जपानमधल्या योशिओ ओकादा यांची, १९५६ सालची. ते छपाईच्या कामात होते, कागद कापताना ब्लेडचे टोक तेवढे बोथट होई आणि बाकीचे पाते वाया जाई. फुटलेल्या काचेची धार आणि चॉकलेटच्या वडीवरच्या रेघा यांवरून त्यांना ते सुचले असे सांगतात. त्यामागचा हिशेब अगदी ट्रिमिंगवाल्याचा आहे: धार टोकाची जाते, तर टोकच टाकून द्या. आमच्याकडे मात्र स्टोअरला हा हिशेब पटायला वेळ लागला. मी होते त्या एका ठिकाणी ब्लेड आठवड्याला मोजून मिळायचे, जुने परत केल्याशिवाय नवे नाही. बोथट ब्लेडने रबर कापले जात नाही, ते आधी दबते, फुगते आणि मग कुठेतरी तुटते. कड आत वाकलेली येते. हाताचा जोर वाढतो, आणि जोर लावलेले ब्लेड निसटले की थेट दुसऱ्या हाताकडे जाते. वाचवलेल्या ब्लेडची किंमत आणि फेकलेल्या पिसांची किंमत एकाच कागदावर कधी आली नाही, कारण एक आकडा स्टोअरच्या वहीत होता आणि दुसरा क्वालिटीच्या.

जाड रबर कापताना ब्लेड दाबायचे नाही, ओढायचे. धार सरकली पाहिजे. पात्यावर साबणाच्या पाण्याचा हात फिरवला की ते लोण्यासारखे जाते. मात्र ज्या पिसाला पुढे चिकटवायचे आहे त्यावर साबण राहून चालत नाही, आधी धुऊन वाळवावा लागतो. आणि सिलिकॉन तेलाचा तर थेंबही ट्रिमिंगच्या टेबलावर नको. एकदा पसरले की त्यावर ना गोंद धरत, ना रंग. काही ग्राहक तर त्याची बाटली विभागात दिसली तरी ऑडिटमध्ये लिहितात.

कात्रीला धार लावणे ही वेगळी विद्या आहे आणि ती बहुतेक जण चुकीची शिकतात. कात्रीची दोन पाती आतून किंचित पोकळ घडवलेली असतात. त्यामुळे ती एका वेळी एकाच बिंदूत भिडतात, आणि मिटत जाताना तो बिंदू खिळ्यापासून टोकाकडे सरकत जातो. कापते ते त्या बिंदूत. धार लावायची ती बाहेरच्या उतारावर. कोणी हौसेने आतली बाजू दगडावर घासून सपाट केली की पोकळपणा गेला, पाती अंगाला अंग लावून बसतात आणि फ्लॅश कापण्याऐवजी मध्ये दुमडून घेतात. अशी कात्री पुन्हा नीट करणे फार कटकटीचे. मावशी आपली कात्री रुमालात गुंडाळून घरी नेत. त्याचे कारण मला पहिल्यांदा बाहेरच्या कोणी धार लावून दिलेली कात्री वापरली तेव्हा समजले.

खिळ्याचा ताणही तितकाच महत्त्वाचा. कात्री आडवी धरून एक पाते सोडले तर ते अर्ध्यावर येऊन थांबावे. धाडकन मिटले तर ढिली, उघडेच राहिले तर घट्ट. चाचणीला ओलसर पातळ कापड घ्यायचे आणि फक्त टोकाने कापायचे. टोकाने कापले तर सगळीकडे कापेल.

हे सगळे हाताचे झाले. पण या टेबलाशी बसून मला जे खरे कळले ते हातापेक्षा मोठे आहे. फ्लॅश ही बातमी असते. मागे, प्रेसवर, साच्यात, मिक्सिंगमध्ये जे काही बिघडते आहे ते सगळ्यात आधी आमच्या टेबलावर येते.

फ्लॅश सगळीकडून सारखा आणि कागदासारखा पातळ असेल तर समजायचे, मागे सगळे आलबेल. सगळीकडून सारखाच पण जाड असेल तर साचा पुरता मिटलेला नाही. एक तर आत माल जास्त टाकला आहे, किंवा दाब कमी आहे, किंवा कंपाऊंड, म्हणजे साच्यात टाकायचे कच्चे मिसळलेले रबर, जुने होऊन आधीच अर्धवट शिजायला लागले आहे आणि साचा मिटण्याआधीच अडून बसले आहे. शेवटच्या प्रकारात फ्लॅशवर वाहिल्याच्या रेघोट्या दिसतात. एका बाजूला जाड आणि समोरच्या बाजूला पातळ असेल तर साचा तिरका मिटतो आहे, बहुधा आधीच्या फेरीचा एखादा तुकडा मध्ये अडकून राहिला आहे. आणि वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यावरून सरकल्यासारखा दिसत असेल, जोडरेषेवर नखाला पायरी लागत असेल, तर साच्याचे दोन भाग नेमके एकमेकांवर बसवणाऱ्या गाइड पिना झिजल्या. ती पायरी कापून जात नाही. कितीही सफाईने छाटा, पीस वाकडाच.

एकदा एका मोठ्या गॅस्केटच्या लॉटमध्ये एकाच कोपऱ्यातला फ्लॅश ट्रेमागून ट्रे जाड होत चालला. मी छाटलेल्या पट्ट्या फेकल्या नाहीत. ट्रेच्या क्रमाने टेबलाच्या कडेला चिकटवत गेले. जेवणाच्या सुट्टीत प्रेसवरच्या दादांना बोलावले.

"दादा, हे बघा. सकाळचे हे, आत्ताचे हे."

त्यांनी पट्टी चिमटीत दाबून पाहिली. "काय पाहायचं यात? फ्लॅश आहे, येणारच."

"तोच कोपरा आहे सगळीकडे."

ते काही बोलले नाहीत. जाऊन साचा उघडला, पितळी पट्टीने कोपरा खरवडला. आत जळून काळे झालेले, पापुद्र्यावर पापुद्रा चढलेले रबर निघाले. लोखंडी पट्टी वापरली असती तर साच्यावर ओरखडा पडला असता आणि तो पुढच्या प्रत्येक पिसावर छापला गेला असता. दुपारनंतरचे ट्रे पुन्हा नेहमीसारखे आले. रिपोर्टमध्ये लिहिले गेले, साच्याची नियमित सफाई केली. आमचा उल्लेख नव्हता. दादा मात्र त्यानंतर सुट्टीत स्वतःहून टेबलाशी चक्कर मारू लागले.

असे सगळ्या ठिकाणी होत नाही. ट्रिमिंग हा शेवटचा टप्पा असल्याने मागच्या सगळ्यांचा उशीर आमच्या खात्यावर चढतो, आणि मागच्या सगळ्यांची चूक झाकायची अपेक्षाही आमच्याकडूनच असते. "थोडं खोलवर कापून टाका, दिसणार नाही," हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. खोलवर कापले की दिसत नाही हे खरे. पण पुढच्या लॉटलाही तेच कापावे लागते, कारण जे दिसले नाही ते कोणी दुरुस्त करत नाही.

हाताने छाटायचे कशाला, मशीन नाही का, असे लोक विचारतात. आहे. पीस द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत ढोलात घोळवतात. नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे हवी तितकी थंडी मिळते. पातळ फ्लॅश आधी गोठून ठिसूळ होतो, त्यावर प्लास्टिकचे बारीक दाणे मारले की तुटून पडतो, आणि जाड पीस तोवर वाचतो. लहान ओ-रिंगांसाठी ही पद्धत हातापेक्षा कितीतरी बरी. मात्र फ्लॅश पातळ असेल तरच. जाड झाला की तोही पिसाइतकाच चिवट राहतो आणि तुटत नाही. मोठे पीस ढोलात एकमेकांवर आपटतात. रबरात धातूचा भाग बसवलेला असेल तर त्याचे वेगळे प्रश्न. सिलिकॉनला तर इतर रबरांपेक्षा खूपच जास्त थंडी लागते. दुसरा उपाय साच्यातच असतो: पिसाच्या अगदी कडेला फ्लॅश अतिपातळ राहील आणि त्याबाहेर जाड कडे तयार होईल अशी खाच ठेवतात. मग ते कडे हाताने ओढले की फ्लॅश सोलून निघतो, कात्री लागत नाही. साचा नवा असतो तोवर हे काम पाहायलाही मजा येते. झिजला की तेच पीस पुन्हा आमच्याकडे येतात.

मधली काही वर्षे मी दुसऱ्या ठिकाणी चामडे कापत होते, पिशव्या आणि पट्ट्यांसाठी. तिथे टेबल पहिल्या टप्प्यावर होते, आणि फरक पहिल्याच आठवड्यात जाणवला. छाटणाऱ्याला मागचे वाचता आले पाहिजे, कापणाऱ्याला पुढचे.

कापडाचा ताका सगळीकडे सारखा असतो, चामडे कधीच नसते. पाठीकडचा मागचा भाग घट्ट आणि एकजीव. पोटाकडचा सैल, ओढला की लांबणारा. मानेपाशी सुरकुत्या. पाठीच्या कण्याच्या दिशेने चामडे कमी ताणते, आडवे जास्त. म्हणून खांद्याची पट्टी कण्याला समांतर कापायची, नाहीतर पिशवी भरली की पट्टी महिनाभरात लांब होते. जनावराच्या अंगावरचे काटेरी तारेचे ओरखडे, गोचिडीच्या खुणा, सोलताना मागून लागलेले सुरीचे घाव, हे सगळे आधी उजेडात पाहून खडूने घेरायचे. मागचा घाव वरून दिसत नाही, तिथे चामडे बोटांवर वाकवून पाहावे लागते. मग साच्याच्या पट्ट्या मांडायच्या: मोठे आणि दर्शनी तुकडे आधी, चांगल्या भागातून. आतले, झाकले जाणारे तुकडे पोटाकडून. जोडीने लागणारे दोन तुकडे शेजारी शेजारी, म्हणजे पोत जुळतो. चामडे क्षेत्रफळाने विकत घेतलेले असते, त्यामुळे मधल्या फटी हाच कापणाऱ्याच्या कौशल्याचा हिशेब. तिथले मास्तर मांडणी करून झाली की दोन पावले मागे जाऊन पाहायचे, आणि बरेचदा सगळे उचलून पुन्हा मांडायचे. कापायला जेवढा वेळ लागे त्याहून जास्त न कापता उभे राहायला लागे. वरून पाहणाऱ्याला वाटे, हे नुसते उभे आहेत.

तिथे रापी, म्हणजे चामडे कापायची रुंद पात्याची सुरी, वापरायला शिकले आणि ती आवडली. तरी मी रबराकडे परत आले. कारण सांगायचे तर, चामड्याच्या धुळीने मला खोकला होई, बाकी काही नाही.

शरीराबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरे होणार नाही. दिवसभर उघडझाप करणाऱ्या हाताचे पहिले दुखणे अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला सुरू होते. त्या दुखण्याला डी कर्व्हेन म्हणतात, १८९५ साली त्याचे वर्णन करणाऱ्या स्विस शल्यविशारदाच्या नावावरून. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवले की कळ येते. दुसरे दुखणे मुंग्यांचे. आमच्यातल्या एकीला रात्री हात झटकत उठावे लागे. डॉक्टरांनी तिला पहिला प्रश्न विचारला, करंगळीलाही मुंग्या येतात का? येत नव्हत्या. मनगटातल्या बोगद्यात जी नस दाबली जाते ती अंगठा, दोन बोटे आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते, करंगळी तिच्याकडे नाही. त्यावरूनच त्यांना अंदाज आला. तिला काही महिने पॅकिंगला दिले आणि रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधायला सांगितली. तिला आराम पडला. दुसरीला नाही पडला, तिने काम सोडले.

टेबलाची उंची, कोपराला टेका, आणि कात्रीच्या मुठीत स्प्रिंग, या तीन गोष्टींनी बराच फरक पडतो. स्प्रिंग असली की उघडायचे श्रम वाचतात. दिवा समोरून नको, बाजूने हवा, म्हणजे फ्लॅशची सावली पडते. काळ्या रबरावर काळा फ्लॅश त्या सावलीनेच दिसतो.

हातमोज्यांविषयी एक गोष्ट नव्या लोकांना कोणी सांगत नाही. मोज्यावर ईएन ३८८ हे युरोपीय मानकाचे चिन्ह असते आणि खाली आकडे-अक्षरे. २०१६ च्या सुधारणेपासून आकड्यांनंतर ए ते एफ असे एक अक्षर येऊ लागले, ते काप सहन करण्याचे माप. एफ सगळ्यात दणकट. पण ते माप सरकणाऱ्या पात्यासाठी आहे. कात्रीचे टोक घुसले तर त्याचा आकडा वेगळा असतो, आणि कापाला एफ असलेला मोजाही टोकाला कच्चा असू शकतो. मी पीस धरणाऱ्या हातात पातळ मोजा घालते आणि अंगठ्याचे टोक उघडे ठेवायची परवानगी मागून घेतली आहे. नख उघडे नसेल तर मी आंधळी.

आणि डावखुऱ्यांची कात्री वेगळी लागते, हे अजूनही स्टोअरला समजावावे लागते. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की अंगठ्याचा दाब पाती जवळ आणण्याऐवजी दूर करतो, आणि वरचे पाते नेमकी कापायची रेघ झाकते. आमच्याकडे एक डावखुरी मुलगी आली होती. तिचा वेग कमी म्हणून तिला काढायचे चालले होते. डावी कात्री मिळाल्यावर ती टेबलावरच्या कोणाहूनही कमी नव्हती.

वेगाचा विषय निघालाच आहे तर दराचाही सांगते. एका पिसाला किती सेकंद हे साचा नवा असताना, घड्याळ लावून ठरवले जाते. त्या दिवशीचा फ्लॅश कागदासारखा असतो. साचा हजारो वेळा मिटतो-उघडतो, कडा झिजतात, फ्लॅश जाड होतो, आणि सेकंद तेच राहतात. आमचे टार्गेट हुकते त्यातले बरेचसे या झिजेचे असते. पूर्वी हे नुसते बोलून उपयोग होत नसे, कारण दाखवायला काही नव्हते.

आता आहे. प्रत्येक लॉटच्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ट्रेमधून एक पीस घेऊन चार ठिकाणी फ्लॅशची जाडी मोजायची आणि साच्याच्या नंबरापुढे वहीत लिहायची, अशी पद्धत आम्ही सुरू केली. गेज क्वालिटीकडून मागून आणला. पहिल्यांदा वही कोणी उघडली नाही. मग एका ग्राहकाची गळतीची तक्रार आली, तेव्हा त्याच साच्याची पाने उलटून पाहिली गेली, आणि जाडी कोणत्या महिन्यापासून चढत गेली ते तिथे ओळीने लिहिलेले होते. साचा दुरुस्तीला गेला. त्या पिसाचे सेकंदही पुन्हा मोजले.

जाडी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की साचा उतरवायचा, असे आता तत्त्वतः मान्य झाले आहे. मर्यादा किती धरायची आणि वहीत त्या रकान्याखाली सही कोणाची, यावर प्रॉडक्शन आणि मेंटेनन्स यांचे अजून जमलेले नाही. तोवर सहीचा रकाना आम्ही रिकामा सोडतो आणि जाडी लिहीत राहतो.